पांढरं कार्डही चालतं: फुले जन आरोग्य योजना आणि उत्पन्नाची अट, खान्देशातून पाहिलेली

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूवर रांग लावण्याआधी घरातलं रेशनकार्ड काढून बघा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून उत्पन्नाची अट उरलेली नाही. पिवळं, केसरी, पांढरं, तिन्ही कार्डं चालतात. कार्डच नसेल तर अधिवासाचा दाखला चालतो. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, खिशातून पैसे न काढता. तरीही 'कार्ड केसरी शे का पांढरं?' हा प्रश्न रुग्णालयाच्या दारात अजून ऐकू येतो, आणि पांढरं कार्डवाला उत्तर देण्याआधीच बिलाच्या खिडकीकडे वळतो. नियम बदलला तो चांगलाच. तो बदलला हे लोकांपर्यंत पोचवण्यात मात्र योजना नापास आहे.

खान्देशाला ही योजना नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती पहिल्यांदा ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. जळगाव आणि नंदुरबारला नोव्हेंबर २०१३ पर्यंत वाट बघावी लागली. २०१७ मध्ये फुल्यांचं नाव आलं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडणी झाली. त्या सगळ्या काळात राज्याचं कवच दीड लाखाचं होतं आणि दार केसरी कार्डापाशी, म्हणजे वर्षाला १ लाख उत्पन्नापाशी, बंद होत होतं. अपवाद होता तो शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांचा. त्या १४ मध्ये बुलढाणा होता, जळगाव नव्हता. म्हणजे मलकापूरच्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सातबारा दाखवून उपचार मिळायचे, आणि शेजारच्या मुक्ताईनगरच्या, तसंच कार्ड आणि तशीच कपाशी असलेल्या शेतकऱ्याला नाही. हा भेद आता मिटला, आणि आपल्याकडच्या लोकांसाठी नव्या नियमाची खरी कमाई हीच आहे.

पांढरं कार्ड म्हणजे श्रीमंती, हा समज का चुकीचा ते आकड्यांवरून कळतं. तीन रंगांची पद्धत १९९९ ची. पिवळ्यासाठी वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत, केसरीसाठी त्यापुढे १ लाखाच्या आत, पांढऱ्यासाठी १ लाख किंवा जास्त. किंवा घरात चारचाकी असणं, किंवा सगळ्यांची मिळून ४ हेक्टर बारमाही बागायत असणं. १५,००० म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाने १०० दिवस खोदकाम केलं तरी ३१,२०० होतात, म्हणजे पिवळ्या कार्डाच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. दुसऱ्या टोकाला रावेर-यावलचा केळीवाला. दहा एकर बारमाही बागायत सातबारावर आली की तो पांढऱ्यात गेला, मग त्या वर्षी वादळाने बाग आडवी झालेली का असेना. रंग एकदा ठरला की उत्पन्न वर-खाली झालं तरी तो बदलून घ्यायला सहसा कोणी तहसीलच्या पुरवठा शाखेत जात नाही. इतक्या जुन्या मापावर आजारपणाचा निर्णय टांगून ठेवणं चूकच होतं.

धान्यासाठी अन्न सुरक्षेची मर्यादा वेगळी आहे: ग्रामीण भागात ४४,०००, शहरी भागात ५९,०००. रेशन दुकानदार 'तुमचं नाव यादीत नाही' म्हणतो ते या यादीबद्दल. धान्य बंद झालं म्हणजे आरोग्य योजनाही गेली असं समजणारे बरेच भेटतात. तसं नाही. धान्य न मिळणारं केसरी कार्डही उपचाराला चालतं.

आता आयुष्मान भारत. ५ लाखांचं हे केंद्राचं कवच २०११ च्या सामाजिक-आर्थिक-जात जनगणनेतून आलेल्या यादीवर चालतं. त्यात रुपयांतली उत्पन्नमर्यादा कधीच नव्हती. कच्चं एका खोलीचं घर, भूमिहीन मजुरी, अनुसूचित जाती-जमातीचं कुटुंब अशा निकषांवर नावं लागली. त्यामुळे तहसीलदाराचा दाखला कितीही कमी उत्पन्नाचा असला तरी त्याच्या जोरावर त्या यादीत नाव घालता येत नाही. दाखला घेऊन 'आयुष्मानमध्ये बसवा' म्हणत फिरणाऱ्यांचा यात फुकट वेळ जातो. ७० वर्षं आणि त्याहून जास्त वयाच्यांना मात्र यादीही नको, उत्पन्नही नको. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आधारवरचं वय बघून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं. कुटुंब आधीच आयुष्मानच्या यादीत असेल तर ज्येष्ठांसाठीचे ५ लाख वेगळे.

मग उत्पन्नाचा दाखला लागतो कुठे? फुले योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी. तिथे दोन दारं आहेत आणि दोघांची मापं जुळत नाहीत, हीच सगळ्यांत मोठी अडचण.

पहिलं दार धर्मादाय रुग्णालयांचं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे अशा रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत. दुसरं दार मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीचं. तिथली मर्यादा १,६०,०००. दाखल्यावर १,७०,००० लिहिलं असेल तर तुम्ही मुंबईच्या धर्मादाय रुग्णालयात 'निर्धन', आणि मुख्यमंत्री निधीसाठी 'उत्पन्न जास्त'. महिन्याला १३,३३३ आणि १५,००० यांच्या मधला हा पट्टा. एमआयडीसीतला कामगार, दुकानावरचा पोरगा, कंत्राटी चालक अशी माणसं नेमकी याच पट्ट्यात येतात. एकाच राज्याने एकाच माणसाच्या गरिबीला दोन मापं लावावीत याला कारण काही दिसत नाही.

म्हणून अर्ज करतानाच कोणतं दार गाठायचं ते ठरवा. उत्पन्न खोटं कमी लिहून घेऊ नका. सातबारा, आठ अ, नोकरी असेल तर फॉर्म १६, हे सगळं तपासलं जातं आणि स्वयंघोषणापत्रावर सही तुमचीच असते. उत्पन्न १,६०,००० च्या आत खरोखर बसत असेल तर निधीचा अर्ज. त्याच्या थोडं वर असेल तर धर्मादाय रुग्णालय आधी गाठा. प्रत्येक धर्मादाय रुग्णालयात त्यासाठीचा समाजसेवक असतो.

दाखल्याचं तंत्र साधं आहे, पण महिन्याचं भान ठेवावं लागतं. 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतूत अर्ज, सोबत ओळख आणि पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा; शेती असेल तर तलाठ्याचा अहवाल. लोकसेवा हक्क कायद्याने मुदत १५ दिवसांची, उशीर झाला तर अपील करता येतं. दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. फेब्रुवारीत काढलेला पाच-सहा आठवड्यांत संपतो, आणि एप्रिलमध्ये शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जूनमध्ये तर शाळा-कॉलेजच्या प्रवेशाची गर्दी; सेतूवर रुग्णाच्या नातेवाइकालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं. घरात डायलिसिस, कर्करोग, हृदयाचं दुखणं असं लांबणारं काही असेल तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच दाखला काढून ठेवलेला बरा. तलाठ्याच्या अहवालात एक चूक नेहमी होते. दाखला कुटुंबाचा असतो, एकट्या रुग्णाचा नाही. वेगळा राहणारा, वेगळं कार्ड असलेला भाऊ त्यात धरला गेला तर आकडा फुगतो. विभक्त असल्याचे कागद आधीच जोडा.

मुख्यमंत्री निधीचा पैसा थेट रुग्णालयाच्या खात्यात जातो. उपचार संपल्यावर, बिल भरून झाल्यावर परतावा मागता येत नाही. खर्चाचा अंदाज खासगी रुग्णालयाचा असेल तर त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही लागते. इथे लोक अडकतात, कारण अंदाजपत्रक हातात पडेपर्यंत रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर गेलेला असतो. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही या निधीचा कक्ष आहे, त्यामुळे मंत्रालयाची फेरी वाचते. अपघाताचा रुग्ण असेल तर एमएलसी (रुग्णालयातली पोलिसी प्रकरणाची नोंद) किंवा एफआयआरची प्रत विसरू नका.

परत फुले योजनेकडे. जळगावचं सिव्हिल, धुळ्याचं हिरे महाविद्यालयाचं रुग्णालय, नंदुरबारचं शासकीय महाविद्यालय या ठिकाणी योजनेचं टेबल आहे, आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, आहे. खासगी रुग्णालयात जाताना मात्र 'योजना आहे का?' एवढंच विचारून चालत नाही. 'या आजारासाठी योजना आहे का?' असं विचारा. रुग्णालय योजनेत असलं तरी सगळ्या विभागांसाठी असेलच असं नाही. दारावरची पाटी खरी असते आणि तरी हाडाच्या शस्त्रक्रियेला योजना लागू नसते. योजनेच्या यादीतले काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, ते खासगीत मोफत होत नाहीत. ओपीडी, नुसती तपासणी, नुसती औषधं यांना योजना नाही. भरती आणि यादीतला उपचार लागतोच.

भरती झाली की आरोग्यमित्र नोंद करतो, रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं, मंजुरी आली की उपचार. तातडीच्या वेळी फोनवर मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर. मंजुरी मिळालेल्या पॅकेजात तपासण्या, भरतीतली औषधं, जेवण, एकवेळचं परतीचं भाडं आणि घरी गेल्यावर १० दिवसांची औषधं येतात. 'चांगल्या कंपनीचा स्टेंट घालतो, वरचे तेवढे द्या' असं कोणी म्हणालं तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा. पावती मागितली की बहुतेकदा तो विषय तिथेच संपतो. रुग्णालयांची बिलं सरकारकडून उशिरा निघतात ही त्यांची तक्रार खोटी नाही, पण तिचा भार रुग्णावर टाकता येत नाही.

मंजुरी अडते ती बहुधा नावावरून. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं, नवजात बाळाचं नाव कार्डात नाही, आधारवर 'सुरेश नामदेव' आणि कार्डावर 'सुरेश नामा'. पांढऱ्या कार्डांचं दुखणं वेगळं: कित्येक जुन्या कार्डांना १२ अंकी ऑनलाइन क्रमांकच नाही, कारण त्यावर कधी धान्य उचललं नाही. तो क्रमांक पुरवठा शाखेतून घ्यावा लागतो, आणि हे काम रुग्ण खाटेवर असताना करायचं नसतं. मजुरीने घासलेल्या बोटांचा ठसा लागत नाही, तेव्हा केवायसी ओटीपीने किंवा चेहऱ्याने करा. त्यासाठी आधारला मोबाइल जोडलेला असावा. धडगाव-मोलगीकडे नेटवर्कचा भरवसा नाही, तिथल्यांनी आठवडे बाजाराच्या दिवशी तालुक्याला येतानाच हे उरकावं. शासकीय आश्रमशाळेतल्या पोरांना रेशनकार्डाची वाट बघायची गरज नाही, त्यांचा गटच वेगळा आहे, शाळेची ओळख चालते. आणि मुंबई-आग्रा रस्त्यावर शिरपूरपाशी, महाराष्ट्राच्या हद्दीत, अपघात झाला तर जखमी मध्य प्रदेशचा असला तरी १ लाखापर्यंतचे उपचार आहेत.

सुरतेचा प्रश्न खान्देशात सगळ्यांनाच पडतो. नवापूर, नंदुरबारहून मोठं रुग्णालय म्हणजे सुरत, आणि अर्धे नातेवाईक उधना-लिंबायतला. नाव आयुष्मानच्या यादीत असेल तर ते कार्ड गुजरातेतही चालतं. फक्त महाराष्ट्राचं रेशनकार्ड आणि फुले योजना असेल तर सुरतेत ती चालेल असं धरून निघू नका. निघण्याआधी १४५५५ वर कार्डाचा प्रकार विचारून घ्या. सुरतेतच स्थायिक झालेल्यांसाठी गुजरातची स्वतःची योजना आहे: कवच १० लाखांचं, पण तिथे उत्पन्नाची अट अजून आहे, कुटुंबाला ४ लाख, ज्येष्ठ नागरिकांना ६ लाख. त्यासाठी कार्ड आणि दाखला दोन्ही गुजरातचे लागतात. गावाकडच्या कार्डातून नाव कमी केल्याशिवाय तिकडे चढत नाही, आणि एकदा कमी केलं की त्या कार्डावरची फुले योजना सुटते. म्हातारे आई-वडील गावात आणि मुलगा सुरतेत असेल तर सगळ्यांची नावं एकदम हलवण्याची घाई करू नये. आधी मुलाचं कुटुंब वेगळं करून घ्यावं, आई-वडिलांचं कार्ड जागेवर राहू द्यावं.