पहिला दिवस, दहावा की तेरावा? लहान मुलांना घेऊन मर्तिकाला जाताना

मे महिन्यात पुण्याहून गणपतीपुळ्याला जायचं ठरलेलं असतं. हॉटेलचे पैसे भरलेले, मुलांनी वाळूत खेळायची बादली-फावडी बॅगेत टाकलेली. आणि चार दिवस आधी रत्नागिरीजवळच्या गावातून फोन येतो, थोरल्या काकू गेल्या. घरात चार आणि सात वर्षांची मुलं. सगळ्यांनी तडक निघायचं, एकट्याने जायचं, की तारखा पुढे ढकलून दहाव्या-तेराव्याला जायचं?

माझं मत आधीच सांगते. दुःखाच्या घरी जाणं आणि मुलांना समुद्र दाखवणं एकाच प्रवासात बसतं, त्यात कसलाही कमीपणा नाही. मात्र आधी गाव, मग समुद्र, हा क्रम मोडू नये. समुद्रावर खेळून उन्हाने रापलेली मुलं घेऊन रडत्या ओटीवर चढणं फार अवघड जातं, आपल्यालाही आणि त्या घरालाही.

सगळ्यांनी तडक निघणं

गावात फार थांबत नाहीत. सकाळी माणूस गेलं तर दुपारी, उशिरात उशिरा संध्याकाळी नेतात. पुण्याहून रत्नागिरी तीनशे किलोमीटरच्या वर. कराड-मलकापूरवरून आंबा घाट उतरा किंवा पाटणवरून कुंभार्ली, मुलं गाडीत असली की आठ तास धरायचेच. त्यामुळे बॅग भरण्याआधी फोनवर स्पष्ट विचारावं, ‘कोणासाठी थांबणार आहात? किती वाजता उचलणार?’ लांबून मुलगा-मुलगी यायची असतील आणि शवपेटी आणली असेल, तर वेळ मिळतो. नाहीतर आपण पोचेस्तोवर मंडळी स्मशानातून येऊन आंघोळी करून पडवीत बसलेली असतात.

त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, तोही सगळं आटोपल्यावर. चार वर्षांच्या मुलाला तोवर दम निघत नाही. शिवाय ते माजघरात शिरतं आणि सगळ्यांसमोर विचारतं, ‘आजीच्या नाकात कापूस का घातलाय?’ उत्तर द्यायला त्या क्षणी कोणीच शुद्धीत नसतं. म्हणून इतक्या लहान मुलाला पहिल्या दिवशी नेऊ नये, असं मला ठामपणे वाटतं.

मूल त्या माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलं असेल, तर गोष्ट वेगळी. सहा-सात वर्षांच्या मुलाला अंत्यदर्शन जरूर घेऊ द्यावं, पण गाडीतच सगळं सांगून ठेवावं. आजी मेली आहे, तिचं अंग गार लागेल, ती बोलणार नाही, मोठी माणसं मोठ्याने रडतील, तुला नको वाटलं तर बाहेर जाऊ. ‘आजी झोपलीय’ म्हणून वेळ मारून नेली, तर तेच मूल पुढे रात्री झोपायला घाबरू शकतं. आणि मुलासोबत उठून बाहेर जाईल असं एक मोकळं माणूस हवं. ज्याची आई गेली, त्याच्यावर किंवा त्याच्या बायकोवर ही जबाबदारी टाकू नये.

एकाने जाणं, बाकीच्यांनी थांबणं

वेळ गाठायची तर हाच मार्ग. मुंबईकरांना पहाटेची जनशताब्दी दुपारच्या आत रत्नागिरीला पोचवते, फक्त पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. तत्काळचं आरक्षण आदल्या दिवशी सुरू होतं, एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला. कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून फोनवर वेळ पक्की करूनच काढावं. मागे राहिलेल्याने मात्र मुलांना बाबा कुठे गेले ते खरं सांगावं. कामासाठी गेले म्हणू नये.

सगळ्यांनी दहाव्या-तेराव्याला जाणं

लहान मुलं असलेल्या बहुतेक घरांना मी हेच सुचवेन. दहाव्याला पिंडदान नदीवर किंवा पऱ्ह्याकाठी असतं. पिंड मांडून झाले की सगळे मागे सरतात. माडावर कावळे बसलेले असतात आणि खाली येत नाहीत. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडतो, ‘पोरांचं आम्ही बघू’, ‘जमिनीचं भांडण मिटवू’. कधी पाच मिनिटांत शिवतो, कधी दोन तास जातात, शेवटी दर्भाचा कावळा करतात. सात वर्षांचं मूल हे सगळं डोळे विस्फारून बघतं, आजीला काय हवं असेल याचा स्वतः अंदाज बांधतं, पुढे होऊन काहीतरी कबूलही करतं. गेलेल्या माणसाशी त्याचा हा खरा निरोप असतो, पहिल्या दिवसाच्या गोंधळात तो मिळत नाही. धाकट्याला मात्र घरीच ठेवावं, किंवा सोबत पाणी, राजगिऱ्याची वडी आणि टोपी घ्यावी.

तेराव्याला गोडाचं जेवण असतं. घर तोवर बोलतं झालेलं असतं, चुलत भावंडं खळ्यात खेळतात आणि त्यांच्यावर कोणी डोळे वटारत नाही. रजा एकाच दिवसाची असेल तर पाच वर्षांखालच्या मुलासाठी तेराव्याचा दिवस निवडावा.

सहल जोडायला हीच वेळ सोयीची, कारण सुतक. चुलत घराण्यातलं मर्तिक असेल तर साधारण दहा दिवस देवळात जात नाहीत, लग्न झालेल्या मुलीला आई-वडिलांचं तीन दिवस. घराघरात फरक असतो, मोठ्यांना विचारून घ्यावं. तेराव्यानंतर गणपतीपुळ्याचं देऊळही चालतं. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने ते तासाभरावर आहे. हॉटेलवाल्याला खरं कारण सांगून तारीख बदलून मागावी, पुष्कळदा देतात. आणि गावातल्या घरी लपवू नये. ‘उद्या मुलांना समुद्रावर नेतोय’ असं काकांना सरळ सांगावं. आपण लपवलं आणि फोटोंवरून कळलं, तर ते जास्त लागतं. उलट सांगितलं की अनेकदा तेच म्हणतात, आमच्या नातवंडांनाही घेऊन जा, बिचारी तेरा दिवस घरात कोंडलीत.

परदेशात राहणाऱ्यांना तेरा दिवसांतही जमतंच असं नाही. एवढ्या घाईत चौघांची विमानाची तिकिटं अव्वाच्या सव्वा पडतात. एकाने आत्ता यावं आणि सगळ्यांनी वर्षश्राद्धाला, हे मला जास्त पटतं. तारीख तिथीने आधीच कळते, शाळेची सुट्टी जुळवता येते. फक्त हे आत्ताच काकांना कळवून ठेवावं, म्हणजे तेही त्या हिशेबाने घर उघडं ठेवतील.