बोलणाऱ्या कार्डांचं यंत्र: यंत्रापेक्षा कार्डं बरी

नातीसाठी सुनेनं हे यंत्र ऑनलाइन मागवलं. खाचेत कार्ड सरकवलं की चित्राचं नाव इंग्रजीत ऐकू येतं. ११२ कार्डं, दोन्ही बाजूंना चित्रं, म्हणजे २२४ शब्द. पुठ्ठा जाड आहे, चावला तरी फाटत नाही. शिवाय टीव्ही-मोबाइलसारखा पडदा नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय. आमच्याकडे तेवढा आजोबांच्या क्रिकेटमध्येच होतो.

पण चित्रं बघा. इग्लू, यॉट, झायलोफोन! आमची पोर उसाची ट्रॉली दिसली की गॅलरीतून ओरडते, ती ह्यात नाही. आणि बहुतेक सगळी नुसती नावंच. ‘दे’, ‘चल’, ‘नको’, ‘सांडलं’, ‘संपलं’ कुठायत? दोन वर्षांच्या आसपास मूल दोन शब्द जोडायला लागतं: ‘आज्जी ये’, ‘दूध संपलं’. नुसत्या वस्तूंच्या नावांनी ते कसं जुळायचं?

म्हणून मी यंत्र बंद ठेवते आणि कार्डं वापरते. गायीचं कार्ड धरायचं, ‘ही कोण?’ म्हणायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला फार जड जातं. ती ‘गाऽ’ म्हणाली की ‘असं नाही, नीट म्हण’ करायचं नाही. ‘हो, गाय आली. गाय चारा खाते,’ एवढंच. मग परत तिची पाळी. भाकरी थापतानाही हेच चालतं, तिथं तर कार्डसुद्धा लागत नाही.

शेजारणीचा नातू अडीच वर्षांचा झाला तरी दोन शब्द जोडत नाही, म्हणून तीही हेच मागवायला निघाली होती. म्हटलं, आधी कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, उशिरा बोलणारी मुलंही बघतं, पुढची तपासणी फुकट होते. त्याची वाट बघायची नसेल तर सरळ सिव्हिल गाठा.

आवाज कमी करायचं बटण नाही. स्पीकरवर चिकटपट्टी लावलीय.

पाचपैकी तीन तारे, तेही कार्डांना. घ्यायचंच असेल तर सांगलीत हरभट रोडला खेळण्यांच्या दुकानात विचारा, चार कार्डं लावून ऐका आणि मराठी आवाज असेल तरच पैसे काढा.