सँटोरिनीत जहाज थांबतं तेव्हा: चालायचं, चढायचं की पोहायचं?

ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर मोठी क्रूझ जहाजं धक्क्याला लागत नाहीत. ज्वालामुखीचं तोंड खचून त्यात समुद्र शिरला आणि जे प्रचंड कुंड तयार झालं, त्या कॅल्डेरात ती उभी राहतात. तिथून टेंडर, म्हणजे जहाज ते किनारा ने-आण करणारी छोटी बोट, तुम्हाला फिरा गावाच्या पायथ्याशी, जुन्या बंदरात आणून सोडते. मान वर केली की दोनशे मीटरहून उंच कडा आणि त्याच्या माथ्यावर पांढरं गाव. वर जायला तीन वाटा: केबल कार, पायऱ्या किंवा खेचर. दिवस संपताना हाच कडा उतरून परत यायचं असतं. म्हणून या बेटावर काय करायचं हे ठरवताना मी आधी शेवटच्या टेंडरची वेळ बघते आणि तिथून उलटं मोजत येते.

सकाळी आठ ते दुपारी चार असा थांबा असेल, तर कागदावर आठ तास दिसतात. मी पाच-साडेपाचच धरते. टेंडरचा नंबर लागायला वेळ जातो आणि केबल कारची रांग तर खरी कसोटी. २०२५पासून दिवसाला जास्तीत जास्त ८,००० क्रूझ प्रवासी अशी मर्यादा आहे, पण दोन-तीन जहाजं एकाच वेळी आली की त्यातले बहुतेक जण तेवढ्याच सहा आसनी डब्यांसाठी उभे असतात. परतीला तासभर रांग लागणं नवल नाही.

पायऱ्या ५८८ आहेत. रुंद, दगडी, नागमोडी. कडा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी ही वाट बरीचशी सावलीत असते, म्हणून पाय धड असतील तर चढताना पायऱ्याच घ्या. अर्धा-पाऊण तास पुरतो आणि रांग टळते. उतरताना मात्र जपून. खेचरांच्या टापांनी दगड गुळगुळीत झालेत, त्यात लीद आणि वरून दुपारचं थेट ऊन. खेचरावर बसू नका, असं मी मनापासून सांगेन. २०१८मध्ये ग्रीसने या जनावरांवर शंभर किलोपेक्षा किंवा त्यांच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं लादायला बंदी घातली, ती उगाच नाही. भर उन्हात त्या चढावर दिवसभर खेपा करणारं जनावर जवळून पाहिलं, की बसायची इच्छा राहत नाही.

आता मुख्य पर्याय.

फिरा ते बेटाच्या उत्तर टोकाचं इया गाव, ही पायवाट सगळ्यांच्या यादीत पहिली असते. लिहिताना ओइया दिसतं, उच्चार इया. अंतर साधारण १० किलोमीटर, वेळ तीन ते चार तास. फिरोस्तेफानी आणि इमेरोविग्ली या वाटेवरच्या गावांपर्यंत फरसबंदी गल्ल्या, त्यापुढे कड्याच्या धारेवरून माती, सैल खडी, मधेच दगडी बांधणीची वाट. डावीकडे खाली सतत कॅल्डेरा, आणि त्यात खेळण्याएवढं दिसणारं तुमचं जहाज. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्याला हा चढ किरकोळ वाटेल. त्रास देतात त्या दोन गोष्टी: सावली जवळजवळ नाही, आणि शेवटच्या टप्प्यातल्या उतारावर बुटाखाली सरकणारी खडी. चपला, सँडल नकोत. इयाहून फिराला परत यायला बस आहे, अर्ध्या तासाच्या आतबाहेर, पण दुपारनंतर ती भरून येते आणि एक बस चुकली की सगळं गणित कोसळतं. आठ तासांचा थांबा असेल, पहिल्या टेंडरने उतरला असाल आणि इयात तासाभरापेक्षा जास्त रेंगाळणार नसाल, तरच पूर्ण वाट धरा. इयाच्या खाली दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून आमूदीचं छोटं बंदर आहे. तिथे पाण्यात उडी मारायचा मोह सगळ्यांना होतो. क्रूझवरून आलेल्याने पूर्ण चाल आणि आमूदी हे दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नये. त्या पायऱ्या परत चढायच्या असतात, हे खाली गेल्यावर आठवतं.

त्यापेक्षा मला अर्धी वाट जास्त आवडते, आणि बहुतेकांना मी तीच सुचवेन. फिराहून इमेरोविग्ली, मग तिथून खाली उतरून स्कारोसचा कडा. समुद्रात नाक खुपसून बसलेला हा खडक व्हेनिसच्या राजवटीत बेटाची राजधानी होता. माथ्यावर किल्ला होता, भोवती घरं होती. भूकंपांनी ती खचली आणि अठराव्या शतकात लोकांनी जागा सोडली. आज तिथे पडक्या भिंती आहेत आणि पलीकडच्या अंगाला, वाट संपते तिथे, थिओस्केपास्तीचं इवलंसं पांढरं चॅपेल. आपल्याकडचे गड पाहिलेल्या डोळ्यांना ही जागा लगेच ओळखीची वाटते: मुख्य कड्यापासून अरुंद खिंडीने तुटलेला, तिन्ही बाजूंनी सरळ ताशीव बालेकिल्ला. माथ्यावर चढायला हात लावावे लागतात. ते करू नका, चॅपेलपर्यंतची वाट पुरेशी आहे. जाऊन-येऊन एकूण अडीच-तीन तास, आणि मुख्य म्हणजे कुठल्याही क्षणी मागे फिरता येतं. बसवर अवलंबून राहावं लागत नाही. थांबा लहान असेल तेव्हा हा फायदा फार मोठा.

चार-पाच तासांचाच थांबा असेल आणि केबल कारची रांग पाहूनच हातपाय गळत असतील, तर निआ कामेनी. कॅल्डेराच्या मधोमध असलेलं हे काळं बेट म्हणजेच जिवंत ज्वालामुखी. शेवटचा उद्रेक १९५०चा. यातली मोठी सोय अशी की तिकडे जाणाऱ्या बोटी त्याच जुन्या बंदरातून सुटतात, म्हणजे कडा चढायचाच नाही. बेटावर उतरलं की काळ्या खडीच्या वाटेने वीस-तीस मिनिटांत सुमारे १३० मीटरवरच्या विवरांपर्यंत पोचता. भेगांतून वाफ येते, गंधकाचा वास येतो, आणि हाताने चाचपलं तर काही ठिकाणचा दगड चक्क गरम लागतो. ना झाड, ना दुकान. पाणी बोटीवरूनच घेऊन उतरा.

बऱ्याच फेऱ्यांत पुढे शेजारच्या पालिया कामेनीचे गरम झरे असतात. इथे बोट झऱ्यापर्यंत जात नाही. खोल, थंड समुद्रात उडी मारून पोहत त्या गढूळ तांबूस पाण्यापर्यंत जावं लागतं. ‘गरम’ म्हणजे कोमट. घरच्या गिझरची अपेक्षा ठेवलीत तर हिरमोड होईल. पाण्यात लोह आणि गंधक असल्यामुळे फिक्या रंगाच्या पोहण्याच्या कपड्यांवर गंजाचे डाग पडतात, ते निघत नाहीत. चांदीची साखळी, अंगठी जहाजावरच ठेवा, काळी पडते. तलावात पोहता येतं पण समुद्राची सवय नाही, अशांनी बोटीवर लाइफ जॅकेट मागून घ्यावं किंवा बोटीवरच थांबावं.

इतिहासाची ओढ असेल तर प्राचीन थेरा. कामारी आणि पेरिसा या दोन काळ्या किनाऱ्यांच्या मधल्या मेसा व्हूनो डोंगरावर, साडेतीनशे मीटरच्या आसपास, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात स्पार्टाहून आलेल्यांनी हे शहर वसवलं. फिराहून बसने कामारी, मग वळणावळणाचा रस्ता पायी, साधारण तासाभराचा चढ. वर आर्टेमिडोरस नावाच्या माणसाने उभारलेलं देवस्थान आहे, त्यात खडकातच कोरलेले गरुड, सिंह आणि डॉल्फिन. ही ग्रीक देवांची चिन्हं: झूसचा गरुड, अपोलोचा सिंह, पोसायडनचा डॉल्फिन. तेवीसेक शतकं वारा खाऊनही गरुडाची आकृती ओळखू येते. इयाच्या मानाने गर्दी फारच कमी. पण आठवड्यातून एक दिवस बंद असतं आणि दुपारीच दार लागतं, म्हणून थांब्याच्या दिवशी उघडं आहे का हे आधी बघा. फिरा गाठणं, बस, चढ आणि परत हेच सगळं, यात सहा तास सहज जातात.

कयाक मी शेवटी ठेवते. दक्षिण किनाऱ्यावर लाल आणि पांढऱ्या कड्यांखालून वल्हवत जाणं सुंदरच आहे, पण सुरुवातीची जागा जुन्या बंदरापासून लांब. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी हा उत्तरेचा वारा सुटला की फेरी रद्द होते, आणि तेव्हा दुसरं काही ठरवायलाही वेळ उरत नाही. करायचंच तर जहाजाच्या स्वतःच्या सहलीतून करा. तिला उशीर झाला तर जहाज थांबतं, स्वतः ठरवून गेलात तर थांबत नाही. अशा सहलींना पुष्कळदा आथिनिओस या बेटाच्या फेरीबोटींच्या बंदरात उतरवून तिथूनच बसमध्ये बसवतात, त्यामुळे जाताना केबल कारही टळते. परतताना मात्र फिरात सोडतील की आथिनिओसला, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

घरातले एक-दोघं चालणारे आणि आईबाबांचे गुडघे दुखरे, असं असेल तर मी असं करते: सगळ्यांनी मिळून पहिल्या टेंडरने उतरायचं, आईबाबांनी केबल कारने वर जायचं आणि चालणाऱ्यांनी पायऱ्यांनी. मग फिरोस्तेफानीपर्यंत पंधरा मिनिटं सावकाश एकत्र चालायचं, आईबाबांना तिथे कॅल्डेरासमोर सावलीत बसवायचं आणि बाकीच्यांनी स्कारोस करून यायचं. परतीला त्यांना केबल कारच्या रांगेत जहाजाच्या वेळेच्या निदान दोन तास आधी उभं करायचं.