पुतळा, स्मारक की देव? नाशिकच्या नकाशावर काय कशात टाकायचं

सिंहस्थ तोंडावर आलाय, भिंती परत रंगायला लागतील, आणि त्याआधी आपल्या भागातले पुतळे, शिल्पं, भिंतीवरची चित्रं नकाशावर टाकून घेऊ असं ठरवलेल्या दोनतीन ग्रुपशी माझं बोलणं झालं, सगळ्यांची गाडी एकाच जागी अडलेली. पिन टाकणं सोपंय हो, पण त्या पिनेला म्हणायचं काय? मी हे दोनदा चुकवून तिसऱ्यांदा नीट केलंय, म्हणून सांगतो.

रस्ते दोन आहेत. एक म्हणजे वस्तू दिसते कशी त्यावरून नाव द्यायचं: पूर्णाकृती पुतळा, अर्धाकृती, उठावशिल्प, भित्तिचित्र, मोझेक, इन्स्टॉलेशन. दुसरा म्हणजे ती तिथे कशासाठी आहे त्यावरून: कुणाच्या आठवणीत उभी केलीय, पूजेची आहे, की नुसती शोभेची.

पहिला रस्ता नवख्यांना लगेच जमतो. चौघांना चार दिशांना पाठवलं तरी चौघांचं उत्तर जवळपास सारखं येतं, फोटो बघून घरी बसूनही ठरवता येतं, वाद कमी. मी सुरुवात तशीच केली. मग रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीपाशी उभा राहून मोबाईलमध्ये 'पुतळा' टाईप करत होतो तर शेजारी दिवे विकणाऱ्या आजींनी विचारलं काय लिहितोस रे बाळा, म्हटलं आजी या पुतळ्याची नोंद करतोय. तर म्हणाल्या, "पुतळा गांधीजींचा असतो. हा मारुती आहे."

विषय संपला ना. आणि तो नुसता मारुतीही नाही, पावसाळ्यात सगळं नाशिक त्याच्यावर गोदावरीचा पूर मोजतं, पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं, अशा बातम्या फिरतात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो अख्खा बुडाला होता. आकारावरून केलेल्या वर्गवारीत यातलं काहीच येत नाही, फक्त 'पुतळा' उरतो, म्हणजे बाहेरून आलेल्या भाविकाला तो चौकातल्या कुठल्याही पुतळ्यासारखाच दिसणार.

दुसऱ्या रस्त्यात हा त्रास नाही, पण तिथे आपले मराठी शब्दच पाय ओढतात. सगळ्यात जास्त गोंधळ घालतो तो 'स्मारक' हा शब्द. कुसुमाग्रज स्मारक ही कार्यक्रम होणारी वास्तू आहे, तिला कलाकेंद्र म्हणायला हवं. पांडवलेण्याच्या पायथ्याचं फाळके स्मारक म्हणजे मुख्यतः बाग, तिथे उद्यानाचा टॅग, म्हणजे प्रकाराची चिठ्ठी. नावाच्या रकान्यात 'स्मारक' राहू दे, प्रकारात जागेवर जे दिसतं ते लिहायचं. हीच गोष्ट कारंज्याची, रविवार कारंजा आणि पंचवटी कारंजा ही आता पत्ता सांगायची नावं झालीत, नाव वाचून कुणी घरबसल्या फाउंटनचा टॅग लावू नका, चौकाचं नाव वेगळं आणि पाणी उडवणारी वस्तू वेगळी.

आता हे सगळं ठेवायचं कुठे, कारण खरा फरक तिथेच पडतो. गुगलच्या माय मॅप्समध्ये, म्हणजे स्वतःचा नकाशा बनवायच्या सोयीत, सगळं आपल्या हातात, लेअरची (पिनांच्या गटांची) नावं मराठीत, पोरं अर्ध्या तासात शिकतात. पण एका नकाशाला १० लेअर आणि एका लेअरमध्ये २,००० नोंदी ही मर्यादा आहे, एका वॉर्डाला ती नडणार नाही, नडतं हे की एक पिन एकाच लेअरमध्ये बसते. म्हणजे मारुती 'पुतळे'मध्ये की 'देवस्थानं'मध्ये, एकच काहीतरी निवडा. माझ्या पहिल्या नकाशात शेवटी सगळ्यात जाड लेअर कुठला झाला माहितीये? 'इतर'.

ओपनस्ट्रीटमॅप हा कुणीही भर घालू शकेल असा खुला नकाशा, त्यात रकाना आणि त्यातलं उत्तर अशा जोड्या असतात, त्यालाच टॅग म्हणतात. एका रकान्यात एकच उत्तर, पण एकाच बिंदूला रकाने कितीही लावा. मुंबई नाक्यावरचे २०२४ मध्ये बसवलेले फुले दांपत्याचे पुतळे घ्या, अर्धाकृतीच आहेत पण इतके मोठे की नवखा माणूस डोळे झाकून 'स्टॅच्यू' लिहील. तिथे हिस्टॉरिकच्या रकान्यात मेमोरियल, मेमोरियलच्या रकान्यात बस्ट, शिवाय टुरिझममध्ये आर्टवर्क आणि आर्टवर्क टाईपमध्ये परत बस्ट. हेतू पण आला, आकार पण आला, भांडण मिटलं. मारुतीला प्रार्थनास्थळ अधिक आर्टवर्क. मांगीतुंगीची डोंगरात कोरलेली १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती असेल तर तेच, वर उंचीच्या रकान्यात ३३, कारण तिथे उंची मीटरमध्ये लिहितात आणि आपण सवयीने फूट टाकून मोकळे होतो. मॉन्युमेंट हा शब्द मात्र जपून वापरा, तो खूप मोठ्या किंवा आत जाता येईल अशा बांधकामांसाठी आहे, चौथऱ्यावरच्या पुतळ्यासाठी मेमोरियलच.

तोटे पण ऐका. तिथे रकाने इंग्रजीत, तुमच्या नोंदी दुसरा कुणीही बदलू शकतो, आणि गुगलवरून बघून काही उतरवायला सक्त मनाई आहे, लायसन्सचा प्रश्न येतो, जागेवर जाऊनच भरायचं. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांमध्ये जीपीएस हमखास शेजारच्या वाड्यात नेऊन ठेवतो त्यामुळे पिन हाताने सरकवावी लागते.

विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्या घरातला माहितीचा खुला साठा, हा तिसरा पर्याय, त्यात शिल्पकार, धातू, कुणाचं स्मरण हे सगळं नीट जोडता येतं, पण गल्लीतल्या प्रत्येक शेंदराच्या दगडासाठी ती जागा नाही. मोजक्या, ज्यांच्याबद्दल लिहिलं गेलंय अशा कामांपुरता ठेवा. शिल्पकाराचं नाव शोधणं हे तर वेगळंच प्रकरण आहे, चौथऱ्यावरच्या कोनशिलेवर उद्घाटक, प्रमुख पाहुणे, नगरसेवक सगळे ठळक अक्षरात आणि ज्याने ते घडवलं त्याचं नाव कोपऱ्यात, तेही असलं तर.

मग निवडायचं काय? शाळेचा एका दिवसाचा प्रोजेक्ट असेल तर माय मॅप्स आणि आकारावरून वर्गवारी, जास्त डोकं लावू नका. आठदहा जण पावसाळ्यापर्यंत टिकणार असतील तर ओपनस्ट्रीटमॅप, आणि प्रत्येक जागी पहिला प्रश्न हा विचारा की इथे लोक करतात काय. जयंतीला हार घालतात का, रोज नारळ फोडतात का, की नुसतं बघून पुढे जातात. आकार नंतर. रस्त्याकडेच्या छोट्या घुमटीला, जिच्या आत माणूस शिरत नाही, वेसाईड श्राइन, आणि आत जाता येत असेल तर मंदिर. पांडवलेण्यातल्या २४ लेण्यांमधली शिल्पं सुटी सुटी टाकत बसू नका, ते एक पुरातत्त्व स्थळ म्हणून असू द्या. 'आय लव्ह अमुक प्रभाग'ची दिव्यांची अक्षरं मी टाकत नाही, तुम्हाला टाकायचीच असतील तर इन्स्टॉलेशन म्हणा.

भित्तिचित्रांचं मात्र वेगळं धरा. पुतळा वीस वर्षांनी पण तिथेच असेल, चित्रावर दोन वर्षांत जाहिरात येते नाहीतर पुढच्या कुंभाचा रंग. त्यामुळे बघितल्याची तारीख न टाकता भित्तिचित्र नोंदवू नका. आणि फोटोचं पण बघा, आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचा फोटो वापरायला मोकळीक देतं, भिंतीवरच्या चित्राला ती नाही, म्हणून विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहात) टाकलेला शिल्पाचा फोटो राहतो आणि नव्या भित्तिचित्राचा उडतो. माझे उडालेत. आता भिंतींचे फोटो स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतो, नकाशावर फक्त जागा आणि तारीख.