४-१ की ४-२-१: ऑटोक्रॉसच्या गाडीला कोणता हेडर?

नागपुरात ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मैदानावर कोन मांडून घड्याळाशी लावलेल्या शर्यतीसाठी, जुनी मारुती एस्टीम बांधायला घेतली, की इंजिनचं काम आटोपल्यावर हा प्रश्न हमखास येतो: हेडर, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जुडगा, ४-१ घ्यायचा की ४-२-१? मी एकाच गाडीवर, मागचा सायलेन्सर तोच ठेवून, दोन्ही हेडर वापरले आहेत. डायनोचा, म्हणजे इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद माझ्याकडे नाही. जे सांगतोय ते कानाला आणि सीटवर बसून जाणवलेलं आहे, तेवढंच धरा.

आधी अपेक्षांबद्दल बोलू. हेडर बदलल्यानं आवाजाची पट्टी चढत नाही. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला २००. बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ मध्ये धावलेल्या फॉर्म्युला वनच्या व्ही-८ इंजिनांना १८,००० आरपीएमची मर्यादा होती. तिथे हाच आकडा १२०० होतो. ती किंकाळी आपल्या इंजिनातून कुठल्याच पाइपनं निघणार नाही. पाइपच्या हातात आवाजाचा पोत असतो: भरीव की पातळ, गोल की धारदार.

४-१ मध्ये चारही प्रायमरी, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधून निघणारे पाइप, एकाच कलेक्टरमध्ये, म्हणजे एकाच जोडात, उतरतात. ४-२-१ मध्ये चाराचे आधी दोन होतात आणि मग दोनाचा एक. लांबी सारखी असेल तर दर १८० अंशांनी एक ठोका तिथे पोचतो. ५५०० च्या वर हा आवाज मला आजही फार आवडतो, ताणलेला आणि एकसंध. इंजिनही तिथे मोकळं होतं. ठोका कलेक्टरपाशी पोचला की तिथून कमी दाबाची लाट उलटी फिरते. सिलिंडरचे आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाच ती परतली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते. ४-१ मध्ये हे गणित वरच्या एका पट्ट्यात छान जुळतं, खाली मात्र विस्कटतं.

आणि माझं घोडं अडलं ते खालीच. ३००० ते ४००० च्या दरम्यान ॲक्सिलरेटर दाबला की आवाजावर एक कोरडी, धातूची खरखर चढायची. माझा मेकॅनिक पहिल्याच फेरीनंतर म्हणाला, "भाऊ, हे तर कुलरचा ढिला पत्रा वाजून रायला." अगदी तसंच. नुसतं कानाला टोचतं म्हणून मी सोडून दिलं असतं. पण ऑटोक्रॉसमध्ये गाडी बहुतेक वेळ याच पट्ट्यात, दुसऱ्या गिअरमध्ये असते. मुरमावर चाक घसरायला लागलं की पहिली खबर कानाला लागते, इंजिनचा सूर एकदम चढतो आणि पाय आपोआप उचलला जातो. हेल्मेटच्या आत, कोनांच्या मधून गाडी फिरवताना आरपीएमच्या काट्याकडे बघतो कोण? त्या खरखरीखाली मूळ सूरच दबायचा. ३५०० आणि ४२०० मधला फरक मला ऐकू येत नव्हता, आणि पाय उचलेपर्यंत गाडी ओळीबाहेर गेलेली असायची.

लांब रेझोनेटर (पाइपमध्ये बसवायचा, आवाज मऊ करणारा डबा) टाकून खरखर बरीच कमी झाली, हे मान्य करायला हवं. पण वजन वाढलं आणि पोटाखालची जागाही गेली. खडबडीत मैदानावर तो रेझोनेटर सारखा घासायचा.

४-२-१ लावल्यावर त्या पट्ट्यातला आवाज खाली बसला, जाडसर झाला. सूर चढताना पायरी न पायरी ऐकू येऊ लागली. वळणातून बाहेर पडताना गाडी ओढते आहे असं वाटतं. घड्याळ लावलेलं नाही, पण गिअर कमी बदलावा लागतो हे खरं. तोटेही आहेत. अगदी वरच्या टोकाला इंजिन थोडं आखडतं. जोड जास्त, त्यामुळे वेल्डिंग जास्त आणि खर्चही जास्त. इंजिनच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीच्या (संपच्या) आसपास दुसरा जोड बसवायला जागा काढावी लागते. उघड्या टोकाचा कडक आवाज हवा असणाऱ्यांना तो मवाळ वाटेल.

कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या सर्किटवर जायचं असेल, इंजिन कायम ५००० च्या वर राहणार असेल, तर ४-१ ला नाही म्हणणं मला जड जाईल. पण इथे, मुरमाच्या मैदानावर, तंग वळणांत पळवायची असेल, तर माझं मत ४-२-१ कडे झुकतं. गाडी रस्त्यावरूनच मैदानावर नेत असाल तर दोन्हीच्या मागे मूळ सायलेन्सर लागेलच. मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाजालाही लागू आहे.

हेडर बनवायला फॅब्रिकेटरकडे (पाइप वाकवून वेल्डिंग करणाऱ्याकडे) देताना एक गोष्ट मात्र समोर उभं राहून करून घ्या. शेजारशेजारचे पाइप जोडणं सोपं पडतं, म्हणून १-२ आणि ३-४ अशी जोडी लावून देतात. आपल्या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत स्फोट होण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. तशा जोडीत दोन ठोके पाठोपाठ येतात आणि मग लांब खंड पडतो, आवाज अडखळतो आणि ओढही जाते. जोडी १-४ आणि २-३ हवी, म्हणजे प्रत्येक जोडीत ठोके बरोबर ३६० अंशांनी येतात. प्रायमरीची लांबी बेंडच्या बाहेरच्या कडेवर न मोजता मधल्या रेषेवर मोजायला सांगा. आणि फ्लँज, म्हणजे हेडर इंजिनला जिथे बोल्टनं बसतो ती पट्टी, सपाट घासून घ्या. तिथे हवा ओढली गेली की पाय सोडल्यावर फटफट आवाज येतो, आणि बरेच जण त्यालाच रेसिंगचा आवाज समजून गळती तशीच ठेवतात.