कैरोसचा ब्लँकेट एक्सरसाइज : आपल्या चर्चमध्ये जरूर ठेवा

टोरांटोजवळच्या आमच्या चर्चमध्ये कैरोसच्या ब्लँकेट एक्सरसाइजचं, म्हणजे कॅनडातल्या मूलनिवासींचा इतिहास ब्लँकेटांवर उभं राहून अनुभवण्याचं, सत्र झालं. कॅनडातल्या मराठी मंडळींनी, त्यातही चर्चला जाणाऱ्यांनी, ते चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

कैरोस ही इथल्या वेगवेगळ्या चर्चनी मिळून चालवलेली, न्यायाच्या प्रश्नांवर काम करणारी संस्था. मूलनिवासींविषयीच्या रॉयल कमिशनचा, म्हणजे सरकारने नेमलेल्या आयोगाचा, अहवाल १९९६ साली आला. एवढा जाडजूड अहवाल सामान्य माणूस कुठला वाचायला! तेव्हा मूलनिवासी एल्डर (त्यांच्या समाजातली मानाची, जाणती वडीलधारी माणसं) आणि शिक्षकांना सोबत घेऊन पुढच्याच वर्षी हे सत्र बांधलं गेलं.

जमिनीवर ब्लँकेटं अंथरलेली असतात. ती म्हणजे युरोपियन येण्याआधीची भूमी. बूट काढून त्यांवर मोकळं फिरायचं. मग निवेदिका इतिहास वाचू लागते आणि युरोपियनाचं काम करणारा एकेक ब्लँकेट दुमडत येतो. देवीची साथ येते, पांढरं कार्ड हातात असलेले मेले असं धरून बाजूला होतात. १८७६ चा इंडियन ॲक्ट, म्हणजे मूलनिवासींना लागू केलेला कायदा, येतो, जागा आणखी आक्रसते. जमिनीला पाय लावायचा नाही. माझ्या शेजारचे आजोबा शेवटी एका पायावर, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभे होते.

मला सर्वांत भिडला तो निवासी शाळांचा भाग. सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलं घरादारापासून तोडली गेली. शाळा सरकारच्या, पण चालवल्या कॅथलिक, अँग्लिकन, युनायटेड, प्रेस्बिटेरियन चर्चनी. माझी आजी नगरला मिशनच्या बोर्डिंगात शिकली. तिथे तिला अक्षरओळख झाली ती मराठीतून, सुट्टीला घरी जाता आलं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ झाली. मिशनची शाळा म्हटलं की आमच्या घरात कृतज्ञताच. इथे त्याच क्रुसाखाली मुलांचे केस कापले, आईची भाषा बोलली म्हणून मारलं. युनायटेड चर्चने १९८६ मध्ये माफी मागितली, अँग्लिकन चर्चने १९९३ मध्ये, पोप फ्रान्सिस २०२२ मध्ये येऊन गेले. हे सगळं मी वाचलेलं होतं. पण चर्चच्याच हॉलमध्ये, चर्चच्याच लोकांनी उभं राहून ते ऐकायचं, याचं मोल फार मोठं आहे. प्रभूभोजनाआधी आपण पाप कबूल करतो ना, तेच इथे नावागावासकट होतं.

नंतर सगळे गोल बसतात. एल्डरने दिलेलं गरुडाचं पीस ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. माणसं रडतात, गप्प राहतात, आणि ते एल्डर कुणालाही घाई करत नाहीत. आमच्याकडे नेमका हाच भाग उरकावा लागला, कारण हॉल पुढच्या कार्यक्रमाला द्यायचा होता. पुढे करायचं काय, हेही त्यामुळे राहून गेलं. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाच्या २०१५ सालच्या ९४ आवाहनांपैकी ५९ वं थेट चर्चना उद्देशून आहे : वसाहतवादात आपल्या चर्चचा वाटा काय होता, हे मंडळीला शिकवत राहा. तेवढं तरी सत्रात वाचून दाखवायला हवं होतं.

सत्र ठेवणार असाल तर अख्खी दुपार मोकळी ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी कडेला खुर्च्या मांडा. एल्डर आणि सत्र घेणाऱ्यांच्या मानधनात घासाघीस करू नका. अगदी लहान मुलांना आणू नका, पण कॉलेजातल्या पोरांना जरूर आणा. पुढचं सत्र युवक संघासाठी ठेवावं, असं मी आमच्या पाळकांना सांगितलं आहे.