तहसीलीसमोरचे अर्जनवीस काकाजी : वावर (शेत) घ्यायचं असेल तर इसार देण्याआधी इथं बसा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, तहसीलीसमोर टिनाच्या शेडमध्ये अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज-कागद लिहून देणारे, बसतात. त्यातल्या अगदी शेवटच्या टेबलाबद्दल हे लिहितोय. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

मी जिनिंगवर काट्यावर बसतो. लोकांचा कापूस मोजतो, स्वतःच्या नावावर कापसाची एक ओळही नाही. बाबांनी हयातभर दुसऱ्यांची वावरं बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर केली. डवरा, फवारा, वेचणी, सगळं आमच्या घरचं. सातबारा मात्र मालकाचा. आता चार पैसे जमले तर दोन एकर घ्यावं म्हणून निघालो आणि पहिल्याच दारात अडकलो. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही.

आधी एक दलाल भेटला होता. चाळीस हजारांत ‘शेतकरी दाखला’ काढून देतो म्हणाला, परजिल्ह्यातला सातबारा जोडून. त्याच्यावर जास्त लिहीत नाही. असल्या कागदावर घेतलेलं वावर पुढं कुणी तक्रार केली की हातचं जातं, एवढं काकाजींनी चहा येईपर्यंत समजावून दिलं.

काकाजी सत्तरीकडे झुकलेले. टेबलावर शाईचं पॅड, टाचण्यांची डबी, बाजूला पुतण्या कॉम्प्युटर घेऊन. यूट्यूबवर सगळे कूळकायद्याचं कलम 63 सांगत बसतात, मीही तेच धरून गेलो होतो. काकाजी हसले. "ते तिकडच्या, मुंबई-पुण्याकडच्या 1948 च्या कायद्याचं. मराठवाड्याले हैदराबादचा 1950 चा. आपल्याले 1958 चा, विदर्भ प्रदेशाचा. त्याचं कलम 89 पाह्य." मग त्यांनी पिवळी पडलेली कायद्याची प्रत काढून त्यातली ओळ बोटानं दाखवली. शेतकऱ्याला घेता येतं, शेतमजुरालाही घेता येतं. बाकीच्यांनी कलेक्टरची परवानगी आणायची.

मी म्हटलं, मग झालंच की, बाबा शेतमजूरच होते.

"कागद हाये काय?"

कागद कुठून असणार? बटईचा व्यवहार तोंडी. लिहून दिलं तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही भीती मालकाला असते, आणि ती ज्या कायद्यामुळं आहे तो कसणाऱ्याच्या भल्यासाठी आणलेला. म्हणजे ज्यानं वीस-पंचवीस वर्षं वावर केलं त्याच्याकडे केल्याची एक चिठ्ठी नाही, आणि ज्यानं मुंबईत बसून वडिलांच्या फौतीत (वारस-नोंदीत) स्वतःचं नाव चढवून घेतलं तो पक्का शेतकरी. हे मी काकाजींना जरा तावातावानं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही आणि शेजारी बसलेल्या मायकडे वळले.

"बाई, तुमचं माहेर कोणतं?"

वणीकडचं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. काकाजींनी गावाचं नाव आणि मामाचं नाव विचारलं, पुतण्यानं डिजिटल सातबारा काढला (सरकारी फी 15 रुपये, ते वर दहा घेतात) आणि कागद मायसमोर ठेवला. मामांच्या दोन नावांखाली तिसरं नाव मायचं. सामाईक खातं. मायला वाचता येत नाही, तिनं नावावर बोट ठेवून विचारलं, "हे मीच का?"

तर शेतकरी आमच्या घरात आधीपासून होता, आणि आम्हीच त्याला ओळखत नव्हतो! म्हणजे वावर मायच्याच नावावर घ्यायचं. मामानं गेल्या भाऊबीजेला साडी देऊन हक्कसोडीचा, म्हणजे मायनं आपला हिस्सा लिहून सोडण्याचा विषय काढला होता, माय सही करायला तयारही होती. काकाजी म्हणाले, भावाशी भांडायचं नाही, पण खरेदीखत होईस्तोवर कोणत्याच कागदावर अंगठा देऊ नका. त्यानंतर हिस्सा सोडायचा की ठेवायचा हे तुमचं तुम्ही पाहा. मायबद्दलचे प्रश्न त्यांनी तिलाच विचारले, माझ्या तोंडाकडं पाहून नाही. हे मला फार आवडलं.

दुसरं काम त्यांनी केलं ते वावर निवडण्याचं. आम्ही आधी एक पाहिलं होतं. पांदणीला लागून, काळी जमीन, विहिरीत पाणी, आणि भाव आजूबाजूच्यापेक्षा चांगलाच कमी. मी इसार द्यायच्या तयारीत होतो. काकाजींनी सातबारा पाहिला, मालक आदिवासी खातेदार. महसूल संहितेचं कलम 36अ : आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर कलेक्टरची मंजुरी लागते आणि तिला आधी शासनाची मान्यता. आमच्या भागात गोंड, कोलाम लोकांची किती जमीन साखरेच्या पुडीवर आणि उधारीवर गेली हे जुन्या माणसांना विचारा. त्या जमिनी परत देण्यासाठी वेगळा कायदाच करावा लागला. ती अट असायलाच पाहिजे असं माझं मत आहे, भाव कितीही चांगला असो.

नंतरचं एक वावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारं निघालं. तेही सोडलं. आता जे ठरतंय ते वर्ग 1, सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात फक्त सोसायटीच्या कर्जाचा बोजा, तो मालक फेडून देणार. कमाल जमिनीच्या 1961 च्या कायद्यानं कोरडवाहू जमीन 54 एकरांपर्यंत ठेवता येते, असंही काकाजींनी सांगितलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, बस.

बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, असं मला जिनिंगवर कुणीतरी सांगितलं होतं. काकाजी म्हणाले, ती घरासाठी, वावराले नाही. खोटी आशा दाखवून चार पैसे जास्त घेता आले असते, घेतले नाहीत. सल्ल्याचे तीनशे रुपये, खरेदीखत लिहिण्याचे वेगळे, ते आधीच सांगतात. खरेदीनंतर पटवाऱ्याकडं फेरफार (सातबाऱ्यावर नाव बदलण्याची नोंद) टाकायचा, 15 दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात, हा सगळा हिशेब त्यांनी आमच्या पाकिटावरच लिहून दिला.

मायच्या मागं हे वावर माझ्यासोबत माझ्या बहिणीच्याही नावावर चढणार, हे बायकोनं लगेच ओळखलं. चढू दे.

आता कापलेल्या ताऱ्याचं. लाइट गेली की काम बंद, इन्व्हर्टर घ्या म्हटलं तर हसतात. बाजाराच्या दिवशी बसायला जागा नसते, म्हातारी माणसं उभी राहतात. मूळ कागद ठेवून घ्यायची सवय वाईट आहे. आमचं आजोबांचं जुनं खातेपुस्तक दोन वेळा मागावं लागलं, मग दुसऱ्याच कुणाच्या फाइलीत सापडलं. आणि अक्षर त्यांचं त्यांनाच लागतं, म्हणून मसुदा पुतण्याकडून टाइप करूनच घ्या.

जाताना घरातल्या बायांचं माहेरचं गाव आणि भावांची पूर्ण नावं विचारून जा. झेरॉक्स द्या, मूळ कागद हातात ठेवा. दिलेल्या पैशांची पावती मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत.